टी ट्री शाम्पू: कोंडा गेला, पण केस उगवले का?

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. ५ टक्के टी ट्री तेल (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) असलेला शाम्पू मी सलग पाच महिने वापरला. खाज गेली, खपल्या जवळपास गेल्या आणि मोरीच्या जाळीवर साठणारे केस निम्म्यावर आले. बाटलीवर मात्र ठसठशीत अक्षरांत 'केसांची जोमदार वाढ' असं छापलंय. त्या तीन शब्दांपायी एक गुण कापला. आणखी अर्धा पंपापायी, त्याचं रडगाणं पुढे येईलच. पाचपैकी साडेतीन.

मी नाटकांना ध्वनी देते. विंगेच्या कडेला बसायचं म्हणजे काळे कपडे आलेच, आणि काळ्या शर्टावर कोंडा कसा दिसतो ते कोंडा असलेल्यांना सांगायला नको. त्यात तास न् तास डोक्यावर हेडफोन. त्याच्या पट्टीखाली घाम साचायचा आणि बरोबर त्याच रेषेत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, खाज सुटायची. हात वर गेला की फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्यांच्या, खाचांत पांढरी भुकटी. एका तालमीत प्रकाशयोजना बघणारा सहकारी माझ्या खांद्याकडे बघून म्हणाला, "ताई, या अंकात बर्फ पडतो का हो? मला कुणी क्यू दिला नाही." सगळे हसले, मीही हसले. मग मध्यंतरात आडोशाला जाऊन केबल चिकटवायच्या टेपने खांदे साफ केले. ही टेप त्या कामाला उत्तम, हे जाता जाता सांगून ठेवते.

तोवर मी दोन वर्षं कोंड्याला तेल पाजत होते. खपल्या दिसल्या की माणसाला वाटतं, त्वचा कोरडी पडलीय. मग रात्री तेल चोपडायचं आणि सकाळी धुवायचं. पहिल्या दिवशी छान वाटायचं, कारण खपल्या तेलात भिजून डोक्याला चिकटून बसायच्या. तिसऱ्या दिवशी दुप्पट. मी तेल वाढवलं. शेवटी भांग रुंदावल्यासारखा वाटायला लागला तेव्हा घाबरून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. बाईंनी भिंगातून डोकं पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल किती लावता?"

त्यांनी दहा मिनिटांत जे समजावलं ते कळल्यावर कुठलाही 'नैसर्गिक उपाय' वाचायची माझी पद्धतच बदलली, म्हणून इथे जरा थांबते. कोंड्याच्या मागे मॅलॅसेझिया नावाची यीस्ट जातीची बुरशी असते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये तिचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव. ती बाहेरून येऊन चिकटत नाही, मोठ्या माणसांच्या डोक्यावर ती असतेच, कोंडा असो वा नसो. तिची गंमत अशी की स्निग्धाम्लं तिला स्वतःची स्वतः बनवता येत नाहीत. म्हणून ती आपल्या डोक्यातून पाझरणाऱ्या तेलकट सीबमवर जगते. सीबम फोडते, त्यातला संपृक्त भाग खाते आणि ओलेइक आम्लासारखा असंपृक्त भाग त्वचेवर टाकून देते. काहींच्या त्वचेला हे उष्टं मुळीच सोसत नाही. त्वचा लाल होते, खाजते आणि पेशी पुऱ्या पिकायच्या आतच थराथराने सुटायला लागतात. तोच कोंडा. हे लालसर, तेलकट आणि जास्त झालं की त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. आणखी एक गोष्ट मला फार रोचक वाटली. ज्यांना कोंडा होतो त्यांच्या डोक्यावर नुसतं ओलेइक आम्ल लावलं तरी खपल्या येतात, ज्यांना होत नाही त्यांना येत नाहीत. म्हणजे दोष एकट्या बुरशीचा नाही, आपल्या त्वचेचाही आहे. आणि ओलेइक आम्ल भरपूर असलेलं ऑलिव्ह तेल डोक्यावर थापणं म्हणजे बुरशीचा उकिरडा आपणच आणून ओतणं.

बाईंनी केटोकोनॅझोल या बुरशी मारणाऱ्या औषधाचा २ टक्क्यांचा शाम्पू लिहून दिला, आठवड्यातून दोनदा. वापरला. दोन आठवड्यांत डोकं स्वच्छ. मग मी टी ट्रीच्या वाटेला का गेले? खरं सांगायचं तर हट्ट. औषध थांबवल्यावर दीड महिन्यात कोंडा परतला (परततोच, बाईंनी आधीच बजावलं होतं), माझे केस त्या औषधी शाम्पूने राठ झाले होते, आणि 'आपल्याला जन्मभर औषधी शाम्पू लागणार' हा विचार मला पेलवेना. बाईंना विचारलं, दुसरं काही करून बघू का? त्या म्हणाल्या, "बघा. पण जखम करून माझ्याकडे येऊ नका." जखम करूनच गेले, ते येतंच पुढे.

आधी इतर उपायांचा हिशेब उरकते. व्हिनेगर पाण्यात पातळ करून लावलं. केस चमकले, खाज चार तास थांबली, पाचव्या तासाला पुन्हा सुरू. ओरबाडलेल्या जागी जे झोंबलं त्याबद्दल बोलायलाच नको. लिंबाचा रस तर लावूच नका. त्याची आम्लता व्हिनेगरपेक्षाही जहाल, आणि तो त्वचेवर राहून वर ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. बेकिंग सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. त्वचेला थोडं आम्लच मानवतं, त्यामुळे तो मी हातातही धरला नाही. कोरफडीचा गर थंडगार, सुखद, आणि धुतल्यावर गर गेला की सुखही गेलं. कडुनिंबाच्या तेलाबद्दल मला फार आशा होती. बुरशीविरोधी म्हणून त्याचं नाव मोठं आहे, पण त्यातही ओलेइक आम्ल भरपूर असतं, म्हणजे एका हाताने मारायचं आणि दुसऱ्याने जेवू घालायचं. शिवाय तो वास! दोनदा धुऊनही ध्वनीच्या बंद खोलीत तो माझ्या आधी पोचला. त्या दिवशी माझ्याशी सगळे फक्त इंटरकॉमवरून बोलले.

मधाने मात्र मला चकित केलं. २००१ साली छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात सेबोऱ्हिक डर्मटायटिसच्या ३० रुग्णांनी कोमट पाण्यात कालवलेला मध, म्हणजे ९० टक्के मध आणि बाकी पाणी, दिवसाआड डोक्याला दोन-तीन मिनिटं चोळला आणि तीन तास ठेवला. आठवड्याभरात त्यांची खाज गेली. पुढे निम्म्यांनी आठवड्यातून एकदा मध लावणं चालू ठेवलं, त्यांचा त्रास परतला नाही. थांबवलेल्या १५ जणांपैकी १२ जणांचा दोन ते चार महिन्यांत परतला. समोर तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे शेवटचं प्रमाण मानू नये. पण मी तसंच्या तसं करून पाहिलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी खाज खरंच उतरली. अडचण त्या तीन तासांची. डोक्याला मध लावलेला माणूस उशीला टेकू शकत नाही, फोन कानाला लावू शकत नाही, खिडकी उघडू शकत नाही. मानेवरून एक थेंब हळूहळू पाठीत उतरत असतो आणि आपल्याला काही करता येत नाही. नऊ वेळा केलं. दहाव्या वेळी मधाची बरणी उघडली, तिच्याकडे बघितलं आणि झाकण परत लावलं. ज्यांना वेळ आहे आणि ज्यांचे केस बोटभर लांब आहेत त्यांनी जरूर करावं. माझे कमरेपर्यंत आहेत.

आता जखमेची गोष्ट. टी ट्री तेल हे ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका अल्टर्निफोलिया या झाडाच्या पानांतून ऊर्ध्वपातन करून काढतात. त्यातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक बुरशीवर खरं काम करतो. मी शाम्पूच्या आधी तेलाची छोटी बाटली आणली आणि अतिशहाणपणाने कापसाचा बोळा तेलात बुडवून हेडफोनच्या रेषेवर थेट फिरवला. पातळ न करता. नैसर्गिक आहे, काय होणार? रात्री कानामागे आग आग, सकाळी बारीक पाणीदार फोड. बाईंकडे गेले तर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. हे तेल शुद्ध लावायचंच नसतं. त्यातून बाटली जुनी असेल, झाकण सैल असेल, उजेडात ठेवलेली असेल तर तेल हवेशी संयोग पावतं आणि त्याने त्वचेला ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. एकदा ही ॲलर्जी जडली की पुढे ती साथ सोडत नाही. माझं नशीब, फोड नुसत्या आगीचे निघाले. महिन्याभराने पातळ केलेला थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहिली, काही झालं नाही, मगच पुढे गेले. तुम्हीही आधी तेच करा.

फोड बरे झाल्यावर दुसरी चूक, या वेळी उलट दिशेची. 'नेहमीच्या शाम्पूत आठ-दहा थेंब टाका' असं सगळीकडे सांगतात. टाकले. महिनाभर वापरलं. वास सुरेख, फरक शून्य. मग वही काढून हिशेब मांडला. एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब. दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर. माझी शाम्पूची बाटली २०० मिलिलिटरची. म्हणजे तेलाचं प्रमाण पाव टक्का! आणि ज्या चाचणीच्या जोरावर हे सगळे सल्ले फिरतात ती ५ टक्क्यांची, वीसपट. ती चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. १२६ माणसं, ४ आठवडे, एका गटाला ५ टक्के टी ट्रीचा शाम्पू आणि दुसऱ्याला तसाच पण बिनतेलाचा. कोंड्याची तीव्रता टी ट्री गटात ४१ टक्क्यांनी उतरली, दुसऱ्यात ११ टक्क्यांनी. हा ४१ चा आकडा लोक '४१ टक्के माणसं बरी झाली' असा वाचतात. तसं नाही, तीव्रता तितकी कमी झाली. पूर्ण स्वच्छ डोक्याचं आश्वासन त्यात कुठेच नव्हतं, आणि हे मनाशी धरून मी वापरायला घेतल्यामुळे पुढे निराशा झाली नाही.

घरी थेंब मोजून ५ टक्के करता येईल का? २०० मिलिलिटरला १० मिलिलिटर तेल, म्हणजे सुमारे २०० थेंब. तेल शाम्पूत नीट मिसळत नाही, वर तरंगतं, आणि एखाद्या दिवशी शुद्ध तेलाची चूळ डोक्यावर येते. कानामागची आठवण ताजी होती, म्हणून तयार शाम्पू घेतला.

तर शाम्पू. तपकिरी बाटली, उजेड आत जाऊ नये म्हणून, हे पहिलं चांगलं लक्षण. तेलाचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं, हे दुसरं. बाजारातल्या कितीतरी बाटल्यांवर पानाचं हिरवंगार चित्र असतं आणि घटकांच्या यादीत टी ट्री सुगंधाच्याही खाली, शेवटून दुसरं. अशी बाटली जिथल्या तिथे ठेवून द्यावी. द्रव पातळ, रंगहीन. वास कापूर, ओलं लाकूड आणि दवाखान्याची फरशी यांच्या मधला. पहिल्या आठवड्यात नकोसा वाटला, आता कळतही नाही. फेस कमी येतो, त्यामुळे हात आपोआप पंपाकडे पुन्हा जातो. जाऊ देऊ नका, फेस आणि गुण यांचा संबंध नाही.

पंप! दाबला की निम्मा शाम्पू तळहातावर आणि निम्मा मनगटावर. तिसऱ्या आठवड्यात तो खाली गेला तो वर आलाच नाही. तळाचा दोन बोटं शाम्पू मी बाटली उलटी टांगून काढला. एवढं प्रमाणबद्ध औषध भरायचं आणि माप देणारा भागच असा, याचा राग येतो.

वापरायची रीत महत्त्वाची. केस ओले करून शाम्पू केसांना नाही, टाळूला लावायचा. भांग पाडत पाडत, बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे. मग तीन मिनिटं थांबायचं. हीच गोष्ट लोक करत नाहीत. लगेच धुतलं तर तेलाला बुरशीशी गाठ पडायला वेळच मिळत नाही. मी एका नाटकाचं तीन मिनिटांचं पार्श्वसंगीत लावून ठेवायचे, ते संपलं की पाणी. पहिले चार आठवडे रोज, नंतर दिवसाआड, आता आठवड्यातून दोनदा. रोज धुतल्याने शेंडे कोरडे पडतात, तिथे फक्त शेंड्यांना कंडिशनर. डोळ्यांत गेला तर जबरदस्त झोंबतो.

पहिल्या आठवड्यात काही नाही, उलट खपल्या सुटून जास्त दिसल्या. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका प्रयोगात लक्षात आलं की पहिला अंक संपला आणि माझा हात डोक्याकडे गेलेला नाही. चौथ्या आठवड्यात मान आणि कानामागच्या खपल्या गेल्या, माथ्यावर थोड्या उरल्या. त्या आजही ताणाच्या दिवसांत, नव्या नाटकाच्या आधी, डोकं वर काढतात. केटोकोनॅझोल यापेक्षा जलद आणि साफ होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. निव्वळ कोंडा घालवायचा असेल आणि माझ्यासारखा हट्ट नसेल, तर तेच घ्या.

आता केस. मी मोजते, सवयच आहे. एका धुण्यात किती गेले हे मोजण्यात अर्थ नाही, कारण चार दिवसांनी धुतलं तर चार दिवसांचे एकदम येतात. म्हणून आठवड्याचा बेरजेचा आकडा ठेवला, जाळी, कंगवा, उशी सगळं धरून. दिवसाला ५० ते १०० केस गळणं रीतसर आहे, म्हणजे आठवड्याला ३५० ते ७००. सुरुवातीला माझे ९०० च्या आसपास होते. महिन्याने ७६०. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ४७०. मी नाचायचीच राहिले होते.

बाईंनी आनंदावर थोडं पाणी टाकलं. सूज आणि ओरबाडणं थांबलं की गळती कमी होते, हे खरं. पण गळणं कमी होणं आणि नवे केस उगवणं या दोन गोष्टी आहेत. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो आणि गळायच्या आधी दोन-तीन महिने विश्रांतीत असतो. त्यामुळे कुठलीही बाटली सहा आठवड्यांत वाढ दाखवते म्हणाली तर समजून जावं. भांगाचा फोटो मी दर महिन्याला त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून काढला. कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे नवे केस दिसतात, ते ओरबाडून तुटलेल्या जागेचे असावेत. भांग मात्र होता तेवढाच रुंद. त्याचं कारण आनुवंशिक विरळपणा, आणि त्यावर टी ट्रीचा काडीचा उपयोग नाही. तिथे मिनोक्सिडिलसारख्या औषधाचा विषय निघतो. रोझमेरी तेलाची २०१५ सालची एक चाचणी आहे, १०० जण, ६ महिने, २ टक्के मिनोक्सिडिलच्या तोडीस तोड. तिसऱ्या महिन्यापर्यंत दोन्हीकडे काहीच नाही, सहाव्या महिन्यात दोन्हीकडे वाढ. पण तिथेही काहीच न लावणारा गट नव्हता. मी अजून त्या वाटेला गेलेले नाही, गेले तर लिहीन.

कुणी घेऊ नये तेही सांगते. लहान मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून केस मुळाशी तुटत असतील तर तो कोंडा नव्हे, गजकर्ण असू शकतो. ती बुरशी वेगळी, केसाच्या आत शिरणारी. तिला पोटातून औषध लागतं, वरचा शाम्पू पुरत नाही, आणि घरगुती उपायांत गेलेले आठवडे महाग पडतात. जाड, चंदेरी, कपाळावर उतरणाऱ्या खपल्या असतील तर सोरायसिस आहे का ते दाखवून घ्या. घरात मांजर असेल तर तेलाची बाटली कपाटात, कुलपात. हे तेल तिला विषारी आहे, आणि माणसानेही पोटात घ्यायचं नाही.

दुसरी बाटली अर्ध्यावर आलीय. या वेळी झाकणाची मिळाली, पंपाची नाही, त्यामुळे अर्धा गुण परत द्यावा का याचा विचार चाललाय. परवाच्या प्रयोगात तोच प्रकाशवाला सहकारी पुन्हा माझ्या खांद्याकडे निरखून बघत होता. म्हटलं, काय? तर म्हणाला, "काही नाही ताई, कापूर कुठे जळतोय ते शोधतोय."